उन्हाळी इंटर्नशिप : दोन महिन्यांत नेमकं काय हाती लागतं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहेस. विषय मायक्रोबायोलॉजी, झूलॉजी, केमिस्ट्री. परीक्षा आटोपल्यावर नागपूरच्या एका संशोधन संस्थेत दोन महिने इंटर्नशिप करता येईल, असं तुझ्या मॅडम म्हणतात. पैसे मिळणार नाहीत, खोलीचा आणि मेसचा खर्च घरचा. दुसरीकडे एका खाजगी संस्थेची जाहिरात तुझ्या मोबाईलवर आली आहे : १५,००० रुपये भरा, ३० दिवसांत पीसीआर, एलायझा, टिश्यू कल्चर अशी प्रयोगशाळेतली तंत्रं शिका, सर्टिफिकेट हमखास. बाबांचं म्हणणं असं की यंदा कापसात काही राहिलं नाही, एवढा खर्च करून मिळणार काय? आणि तुझा शेवटचा प्रश्न : या सर्टिफिकेटचा पुढे खरंच उपयोग होतो का?

मी वनस्पतींचे रोग आणि मातीतले सूक्ष्मजीव या विषयात काम करते. माझी सगळी नोकरी नागपूर भागातल्या प्रयोगशाळांत झाली आणि दर उन्हाळ्यात दारव्हा, उमरखेड, चिमूर, मेहकर, देवळी अशा गावांतून मुलंमुली माझ्याकडे येत राहिली. तू वयानं माझ्या मुलीसारखी, म्हणून एकेरीत लिहिते.

सर्टिफिकेटचं आधी सांगून टाकते. एम.एस्सी.चे बहुतेक चांगले प्रवेश जॅम, सीयूईटी-पीजी, गॅट-बी अशा परीक्षांच्या गुणांवर होतात. तिथे इंटर्नशिपचा कागद फारसा कामाला येत नाही. कामाला येते ती मुलाखत. समोरचा विचारतो, ‘उन्हाळ्यात काय केलंस?’ आणि त्यावर पाच मिनिटं सलग, न अडखळता, आपल्या हातून झालेल्या कामाबद्दल बोलता आलं, तर त्याचं वजन पडतं. दुसरी कामाला येते ती तुझ्या गाईडची शिफारस. ‘मुलगी हुशार आणि प्रामाणिक आहे’ असं तर प्रत्येकीबद्दल लिहिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. ‘हिनं मातीचे नमुने स्वतः गोळा केले, दोनदा बिघडलेलं काम तिसऱ्यांदा नीट केलं, हिची वही मी इतरांना दाखवते’ असं लिहिलेलं पत्र वाचलं जातं. म्हणजे कागद महत्त्वाचा आहेच, पण त्यावर काय लिहिलं जाईल हे दोन महिन्यांत तू काय केलंस यावर ठरतं.

तेव्हा बाबांचा ‘मिळणार काय’ हा प्रश्न रास्तच आहे, आणि त्याचं उत्तर ‘अनुभव मिळेल’ असं मोघम देऊन भागणार नाही. माझ्या मते मिळायला हवी ती एकच गोष्ट : समोर आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे स्वतः ठरवता येणं. यंत्र चालवणं, मीडिया (जिवाणू वाढवायचं खाद्य) करणं, पिपेट (द्रव मोजून घ्यायची नळी) धरणं ही कौशल्यं वाटेत येतातच. ती चार आठवड्यांत येतात आणि वापरली नाहीत तर तितक्याच लवकर जातातही.

हे कॉलेजात का होत नाही? तुझ्या प्रॅक्टिकलचं चित्र माझ्या डोळ्यासमोर आहे. वीस-पंचवीस जणांची बॅच, चालू स्थितीतले दोन-तीन मायक्रोस्कोप, मीडिया लॅब असिस्टंटनं आदल्या दिवशीच करून ठेवलेला. काय दिसायला हवं हे जर्नलमध्ये आधीच लिहिलेलं. नाही दिसलं तर शेजारच्या टेबलावरचा आकडा घ्यायचा आणि सही घ्यायची. यात तुमचा दोष नाही आणि तुमच्या मॅडमचाही नाही. दोन तासांत आणि तेवढ्या साहित्यात दुसरं काही होणं अवघडच. पण त्यातून मनात एक गोष्ट घट्ट बसते : बरोबर उत्तर कुठेतरी तयार आहे आणि आपलं काम तिथपर्यंत पोहोचायचं. संशोधनात तसं तयार उत्तर नसतं. ते ज्या दिवशी पहिल्यांदा लक्षात येतं, त्या दिवशी मुलं गोंधळतात, आणि माझ्या दृष्टीनं इंटर्नशिप तिथून सुरू होते.

वाशीम जिल्ह्यातली एक मुलगी माझ्याकडे होती. तिला काम साधं दिलं होतं. एका वावरात दरवर्षी शेणखत पडतं, शेजारच्या वावरात नुसती रासायनिक खतं. दोन्हीकडच्या मातीत जिवाणू किती, ते मोजायचं. एक ग्रॅम माती नऊ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात, त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नळीतल्या नऊमध्ये, असं करत पाचव्या नळीत माती एक लाख पट पातळ होते. त्यातला मिलिलिटरचा दहावा भाग प्लेटवर पसरायचा, म्हणजे दिसलेल्या कॉलनींना (जिवाणू वाढून झालेल्या ठिपक्यांना) दहा लाखांनी गुणलं की एका ग्रॅममधले जिवाणू. एका नळीतून तीन प्लेटा. दोन दिवसांनी तिनं मोजलं तर आकडे आले ४६, ५१ आणि २१२.

ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘मॅडम, तिसरी प्लेट सोडून देऊ?’ मी विचारलं, का? म्हणे, चुकलेली आहे. कशावरून? ‘बाकीच्या दोघींशी जुळत नाही.’ साधारण ३० ते ३०० कॉलनींची प्लेट मोजण्याजोगी धरतात. त्या हिशेबानं २१२ ही बसत होती, म्हणजे नियमाकडे बोट दाखवून सुटका नव्हती. मी तिला तिची वही उघडायला सांगितली. नशिबानं तिनं सगळं लिहिलं होतं. पहिल्या दोन प्लेटा लावून तिला कोणीतरी बाहेर बोलावलं होतं. दहा मिनिटांनी येऊन तिनं तिसरी लावली, आणि त्याआधी नळी पुन्हा हलवल्याची नोंद नव्हती. मातीचे कण तळाशी बसले असणार, पिपेटचं टोक तळाला गेलं असणार, आणि कणांना चिकटलेले जिवाणू त्यासोबत आले असणार. हा झाला अंदाज. तो तपासायचा म्हणून तिनं सगळी मालिका पुन्हा लावली. प्रत्येक वेळी नळी हलवून घेतलेल्या तीन प्लेटा, आणि सोबत मुद्दाम दहा मिनिटं तशीच ठेवून तळाशी पिपेट नेऊन लावलेल्या तीन. हलवलेल्या तिन्ही प्लेटा एकमेकींना धरून आल्या, सरासरी ४८, म्हणजे एका ग्रॅम मातीत सुमारे ४ कोटी ८० लाख जिवाणू. न हलवलेल्या तिन्ही वर गेल्या आणि आपसातही जुळल्या नाहीत. मग अहवालात २१२ चा आकडाही गेला, तो सरासरीत का धरला नाही या कारणासह.

वहीत ती ओळ नसती तर ती प्लेट काढून टाकायचा तिला काहीही अधिकार नव्हता. आकडा आवडला नाही म्हणून टाकता येत नाही. टाकायचा तर लिहिलेलं कारण लागतं, आणि ते तपासून पाहावं लागतं.

शेणखताच्या वावरात जिवाणू जास्त निघाले का, हेही तू विचारशील. त्या नमुन्यात थोडे जास्त निघाले. पण ती स्वतःच म्हणाली की दोन वावरं म्हणजे दोनच, त्यावरून सगळ्या शेणखताबद्दल बोलता येणार नाही. एका वावरातली मातीसुद्धा एका जागची घेऊन चालत नाही, नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची घेऊन मिसळावी लागते. तिला हवं होतं ते ठाम उत्तर मिळालं नाही आणि दोन महिने संपले. तरी तिच्या हाती जे लागलं ते पुरेसं होतं असं मी मानते.

आता त्या ३० दिवसांच्या कोर्सबद्दल. नव्या शैक्षणिक धोरणानंतर ऑन जॉब ट्रेनिंग आणि फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आले, ते चांगलंच झालं. पण सर्टिफिकेट लागणारी मुलं वाढली की ते विकणारेही वाढतात. असा एक कोर्स करून एक मुलगा माझ्याकडे आला होता. ‘मला पीसीआर येतो’ म्हणाला. पीसीआर म्हणजे नमुन्यातल्या डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती करायची पद्धत. नळीत काय काय घातलं ते त्यानं घडाघडा सांगितलं : प्रायमर, एन्झाइम, बफर, सगळं. मी विचारलं, डीएनएच्या जागी नुसतं पाणी घातलेली नळी लावली होती का? तो गप्प झाला. त्या नळीत बाकी सगळं असतं, फक्त नमुना नसतो. तिच्यातलं जेलवर (जिथे डीएनए पट्टीसारखा दिसतो) घातलं तर काहीच दिसायला नको. दिसलं, तर तुझ्या साहित्यात कुठूनतरी परका डीएनए शिरला आहे आणि त्या दिवसाचे बाकीचे निकाल संशयास्पद ठरतात. त्या मुलाला ही नळी दाखवलीच नव्हती. नमुने संस्थेचे, निकाल आधी माहीत असलेले, दहा जणांनी एका यंत्राभोवती उभं राहून पाहायचं. पैसे भरून त्यानं पुन्हा कॉलेजचंच प्रॅक्टिकल केलं होतं, फक्त यंत्र महागडं होतं. वाईट वाटलं, कारण ते पैसेही घरी सहज आलेले नव्हते.

फी घेणारे सगळेच वाईट असं मी म्हणणार नाही. काही सरकारी संस्थाही विद्यार्थ्यांकडून प्रशिक्षण शुल्क घेतात. म्हणून फीवरून ठरवू नकोस. कुठेही जाण्याआधी तीन गोष्टी विचार, नागपूरच्या त्या संस्थेलाही विचार. माझ्या एकटीच्या नावावर छोटासा का होईना एक प्रश्न असेल का? काम बिघडलं तर पुन्हा करायला साहित्य आणि वेळ मिळेल का? आणि माझी वही आठवड्यातून एकदा कोण पाहील, त्या माणसाचं नाव काय? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर जा. ‘तुम्ही या तर, मग पाहू’ असं उत्तर आलं तर सरकारी असो की खाजगी, दुसरीकडे बघ.

गावाकडच्या मुलांना बऱ्याचदा वाटतं की खरं विज्ञान पुण्या-बंगळूरला होतं, आपल्याकडे काय आहे? गडचिरोलीकडे बघ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळांच्या घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत तिथल्या खेड्यांत उभी केली. गावातल्याच बायकांना शिकवलं, आणि त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले हे सगळ्यांना आठवतं. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती रचना. ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेसाठी धरली. ती ४७ गावं नसती तर कोणीही म्हणू शकलं असतं की मृत्यू तसेही कमी होतच होते. पीसीआरमधली पाण्याची नळी आणि ही ४७ गावं, दोघींचं काम एकच. हे शिकायला बंगळूर लागत नाही.

इंटर्नशिपमध्ये आणखी एक गोष्ट मिळते, जी कोणी जाहिरातीत लिहीत नाही. या क्षेत्रात माणसं पोट कसं भरतात ते दिसतं. तुमच्या गावात विज्ञान शिकलेला माणूस म्हणजे डॉक्टर, मास्तर, नाहीतर कृषी केंद्रवाला. प्रयोगशाळेत गेलीस की तुला टेक्निशियन भेटेल, प्रोजेक्ट असिस्टंट भेटेल, नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळवून पीएच.डी. करणारी ताई भेटेल. तिला विचार, तू कुठली, काय वाचलंस, कितव्या वेळी लागलीस. जेआरएफला २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं भत्ता मिळतो. हा आकडा बाबांना सांग. ही फेलोशिप सगळ्यांना लागत नाही, स्पर्धा मोठी आहे, आणि प्रोजेक्टवरची नोकरी प्रोजेक्टसोबत संपते, हेही त्यांना सांग. अर्धी बाजू सांगून घेतलेली परवानगी पुढच्या वर्षी अडचणीत आणते.

आणि कधीकधी असंही होतं की दोन महिन्यांत कळतं, हे काम आपलं नव्हे. दिवसभर उभं राहून तीच पिपेट, तोच आकडा, आठवड्यानंतर कंटॅमिनेशन, म्हणजे प्लेटांत नको ते जंतू. काहींना ते सोसत नाही, त्यात कमीपणा नाही. एम.एस्सी.ची दोन वर्षं घालवून ते कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते मोकळेपणानं बोलते. घरात यंदा खरोखर पैशांची ओढाताण असेल, तू उन्हाळ्यात काही कमावून हातभार लावू शकत असशील, तर तेच कर. इंटर्नशिप तिसऱ्या वर्षानंतरही होते, दिवाळीच्या सुट्टीत छोट्या स्वरूपातही होते. तुझं मन एम.पी.एस.सी.कडे ओढत असेल, तर केवळ मैत्रिणी चालल्या म्हणून जाऊ नकोस. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या उन्हाळी परीक्षा कधी कधी मेच्या शेवटापर्यंत लांबतात. पेपर मध्येच आला म्हणून पंधरा दिवस गायब होणारा विद्यार्थी गाईडला परवडत नाही. वेळापत्रकाची वाट पाहावी लागत असेल तर ते आधीच सांग. सलग सहा आठवडे मिळत असतील तरच प्रयोगाचं काम घ्यावं. त्याहून कमी असतील तर कोणाच्या तरी चालू कामात मदत करायला जा, स्वतःचा प्रश्न त्यात बसत नाही.

बिनपगारीच करावं लागतं असंही नाही. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिघी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. तिच्यात विद्यावेतन मिळतं, प्रवासखर्चही मिळतो. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्राची आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्वतंत्र उन्हाळी योजना आहे. अडचण एकच : अकादम्यांचे अर्ज आदल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर निघतात, आणि आपल्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ते क्वचितच लागतात. यंदाचं हुकलं असेल तर दसऱ्यापासून त्यांच्या वेबसाइटवर डोळा ठेव. अर्जाला शिक्षकाची शिफारस लागते. तुझ्या मॅडम स्वतःहून इंटर्नशिप सुचवतात, म्हणजे त्या नक्की देतील.

जवळपासची ठिकाणं म्हणशील तर नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, ती १९७६ पासून. संत्र्या-मोसंबीच्या रोगांवर काम करायचं तर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. मातीसाठी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था, पाणी आणि प्रदूषणासाठी नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, सेवाग्रामला मेडिकल कॉलेज, शिवाय नागपूर, अमरावती आणि गडचिरोलीच्या विद्यापीठांचे विभाग. प्रत्येकाचे नियम वेगळे, म्हणून आधी विचारणं आलं.

विचारायचं कसं, यावर जरा थांबते, कारण इथेच चांगली मुलं मागे पडतात. मला येणारे बहुतेक मेल एकसारखे असतात : रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी पॅशनेट अबाउट रिसर्च. एकच मजकूर चाळीस जणांना, आणि मी सर नाहीच. अशा मेलला उत्तर जात नाही. उत्तर जातं ते छोट्या, खऱ्या मेलला. ‘मी अमुक कॉलेजात शिकते. संत्र्याच्या मूळकुजीवरचं तुमचं काम वेबसाइटवर वाचलं. आमच्या गावात बागा वाळताहेत, त्यात मला अमुक गोष्ट कळली नाही. माझी परीक्षा अमुक तारखेला संपते, त्यानंतर सहा आठवडे मी रोज येऊ शकते.’ एवढंच. सोबत कॉलेजचं बोनाफाईड, गुणपत्रिका आणि मॅडमचा फोन नंबर. इंग्रजी साधं असू दे, मोडकं असलं तरी चालतं. दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं पहिल्या दोन ओळींत कळतं. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा एकदा लिहावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्याकडे मेल खरंच खाली जातात.

इंग्रजीची धास्ती तू लिहिली आहेस. प्रयोगशाळेत रोजचं बोलणं मराठी-हिंदीतच चालतं. वही मात्र इंग्रजीत ठेव, रोज. वाक्यं जुळवत बसू नकोस. तारीख, वेळ, किती घेतलं, कुठल्या बाटलीतून, काय वेगळं दिसलं. पेनानं लिही, खोडरबर नको. चुकलेल्यावर एक रेघ मार, ते वाचता आलं पाहिजे. आणि प्रश्न मराठीत विचार. प्रश्न इंग्रजीत जुळवता न आल्यामुळे गप्प राहिलेली मुलं मी इतकी पाहिली आहेत की आता पहिल्याच दिवशी सांगते, विचारायचं ते घरच्या बोलीत विचारा.

पहिले पंधरा दिवस काचसामान धुणं, मीडिया करणं, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) लावणं यात जातील. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं हे तुला पाठ असेल. झाकण कधी उघडायचं आणि बाटलीचं बूच सैल का ठेवायचं, हे तिथे हातानं कळेल. याला हमालकाम समजू नकोस. माझ्याकडची निम्मी बिघडलेली कामं नीट न धुतलेल्या काचेतून निघतात. मात्र महिना उलटला आणि तरीही तू नुसतीच धूत असशील, तर गाईडला वेळ मागून सरळ विचार, माझा प्रश्न कोणता ते ठरवूया का? बहुतेक वेळा त्यांच्या डोक्यातून निसटलेलं असतं.

आपल्या मेचं एक वेगळंच प्रकरण असतं, तेही ऐकून ठेव. पुस्तकात ‘रूम टेम्परेचरला ठेवा’ असं लिहिलेलं असतं, तिथे साधारण २५ अंश धरलेले असतात. इथे वीज गेली, कूलर बंद पडला की खोली चाळिशी गाठते. मीडियाला घट्टपणा देणारा अगर साधारण ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान घट्ट होतो, म्हणजे अशा खोलीत ओतलेल्या प्लेटा मऊच राहतात आणि पसरताना फाटतात. मातीतल्या बऱ्याच जिवाणूंना २८-३० अंश मानवतात, म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात गार करणारा इन्क्युबेटर लागतो. खोलीचं तापमान रोज वहीत लिहायची सवय लाव. दुसऱ्या गावचा निकाल आणि तुझा निकाल जुळला नाही तर पहिलं कारण तिथे सापडू शकतं.

राहण्याचं : संस्थेच्या वसतिगृहात जागा आहे का ते आधी विचार, नसेल तर तिथेच काम करणाऱ्या एखाद्या ताईच्या ओळखीनं खोली बघ. पहिल्या दिवशी बाबांना सोबत आण, गाईडशी भेट घालून दे, त्यांची निम्मी काळजी तिथेच मिटते. आणि दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक संस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते, २०१३ च्या कायद्यानं ती सक्तीची आहे, शिकायला आलेल्या मुलीही तिच्याकडे तक्रार करू शकतात. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली असतात, ती पाहून ठेव.

आणि जाणं जमलंच नाही तर? तुझ्या गावात एक चांगला प्रश्न पडून आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं काय दशा केली ते तुझ्या घरी मी सांगायला नको. मे महिन्यात वावरात कापूस नसतो, मग ही अळी असते कुठे? ती न उमललेल्या बोंडांत, पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या झाडांच्या) ढिगांत आणि जिनिंगमधल्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांतल्या) सरकीत निजून असते, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत. उन्हाळ्याच्या शेवटी पतंग बाहेर पडू लागतात. तेव्हा फुलावर आलेला कापूस नसेल तर त्यांची पिढी पुढे सरकत नाही. पावसाआधी कापूस लावू नका आणि पऱ्हाटी साठवू नका, असं सांगतात ते त्यासाठी.

मग असं कर. कृषी केंद्रातून गुलाबी बोंडअळीचे सहा कामगंध सापळे घे. त्यांत मादीच्या गंधाची कुपी, म्हणजे ल्यूर, असते आणि तिच्याकडे नर पतंग येऊन अडकतात. मालकाची परवानगी घेऊन दोन जिनिंगच्या आवारात लाव, दोन गावातल्या पऱ्हाटीच्या ढिगाजवळ, आणि दोन या दोन्हींपासून लांब, जिथे सरकी नाही आणि पऱ्हाटीही नाही. सगळ्यांत एकाच कंपनीची, एकाच दिवशी उघडलेली ल्यूर, पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदललेली. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पतंग मोजायचे, काढून टाकायचे, वारा आणि पाऊस लिहायचा. हंगामात शेतकऱ्याला सांगतात की सलग तीन दिवस सापळ्यामागे रोज ८ पतंग आले तर नियंत्रणाचे उपाय करा. तो निकष अशाच मोजणीवर उभा आहे. लांबच्या सापळ्यातही जिनिंगइतकेच पतंग आले तर काय समजायचं, याचा विचार मोजणी सुरू करण्याआधी कर आणि तोही लिहून ठेव. जूनअखेर ही वही घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा कापूस संशोधन संस्थेत गेलीस, तर पुढच्या वर्षी जागा मागायला तुझ्याकडे मार्कशीटपेक्षा मोठं काहीतरी असेल.

माझं मत विचारशील तर १५,००० चा कोर्स सोड. नागपूरच्या संस्थेला ते तीन प्रश्न विचार. उत्तरं नीट आली आणि परीक्षा वेळेत संपली, तर खर्चाचा आकडा मांडून बाबांशी बोल. उत्तरं नीट आली नाहीत तर सापळे लाव आणि दसऱ्याला अकादमीचा अर्ज भर.

गेलीस, तर निघायच्या आठवड्यात घाई करू नकोस. वहीची मूळ प्रत बहुतेक ठिकाणी संस्थेत ठेवावी लागते, म्हणून तुझ्यासाठी फोटो काढायची परवानगी माग. तिथले आकडे गाईडला न विचारता कुठेही टाकू नकोस, कॉलेजच्या पोस्टर स्पर्धेतही नाही. दोन पानांचा अहवाल लिहून त्यांच्याकडून तपासून घे. आणि शिफारसपत्राचं त्याच दिवशी बोलून ठेव. वर्षभरानं मागितलंस तर तुझा चेहरा आठवेल, पण तू काय काम केलंस ते आठवायला त्यांना तुझा तो अहवालच काढून पाहावा लागेल.